जांभळी लिंक

जवळा बाजारला नेट आलं तवा मी सातवीत व्हते. गुलाबचंदशेठच्या कॅफेत एक पान उघडायला पाच मिनटं लागायची. म्हणून शेठ आधी वाचायला लावायचा. "साल बघ, जिल्हा बघ, खालचं बी बघ. मंग दाब." मी बराबर हुडकायचे. गावातली माणसं मलाच बसवायची.

मंग फास्ट नेट आलं आन् वाचणं बंद झालं. उघडलेली लिंक जांभळी व्हायची, न उघडलेली निळी. पोरं म्हणायची, जांभळी म्हंजी लोकांनी बघितलेली, तीच खरी. मी बी तेच करून राहिले. तवर मास्तरला उलटं बोलून माझी शाळा सुटली व्हती.

माझ्या थोरल्या बहिणीनं, राणीताईनं नर्सिंगचा फारम भरला. बा एकच बोलला, "लिस्टात नाव आलं तर शिक. न्हाई तर वसमतवाल्याला हो म्हणतो." वसमतवाला चाळिशीचा, पयली बायको मेलेली.

लिस्ट लागली तवा बा माझ्यासंगं कॅफेत आला. मी जांभळी दाबली. नाव दोनदा हुडकलं. नव्हतं.

बा म्हणला, "आजून कुठं बघावं लागतंय का?"

"काहून? मला येत न्हाई का?"

बा भाईर गेला. त्यानं वसमतला फोन लावला.

तीन आठवड्यांनी गावातली सरिता त्याच लिस्टात तिचं नाव बघायला आली. मी परत जांभळी दाबली.

"अगं, हे मागल्या सालचं हाय," ती म्हणली. "वर लिहिलंय की."

खाली एक निळी व्हती. ती उघडली. अकराव्या नंबरला राणी जळबा, माझी ताई. आडमिशनची तारीख शनवारीच सरलेली. मी माऊस भितीवर हाणला.

शेठ म्हणला, "मशीनवर काहून राग काढती? मी सांगत व्हतो तवा आयकायला काय झालतं?"

घरी कासारीण ताईला लग्नाचा चुडा भरून राहिली व्हती. मी ताईच्या कानात सगळं सांगितलं.

"कितवं व्हतं?"

"अकरावं."

"इतकं वर," ती म्हणली. मंग हळूच, "बाला सांगू नको. तुला मारंल."

बांगडी तिच्या हातात जाईना. कासारीण म्हणली, "लहान पडायली गं. थांब, पेटीत दुसरी बघते."

"ऱ्हाऊ द्या मावशी," ताई म्हणली. "हीच चढवा."