तेल टाकलं का

वडील रामराव गेल्यावर मोताळ्यातल्या घराची वाटणी सुखासुखी झाली, पण त्यांच्या जुन्या राजदूत मोटारसायकलवर दोन्ही भाऊ अडून बसले. गाडी काही मधून कापता येत नाही. मग कामच वाटून घेतलं. इंजिन धाकट्या रंगरावाकडे. टाकी, वायरिंग आणि रंग थोरल्या उत्तमरावाकडे. विहिरीवरच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बोलणं कधीच तुटलं होतं. तरी अंगणातल्या एकाच पत्र्याखाली, एकमेकांकडे पाठ करून दोघं त्या गाडीवर खपत होते. निरोप न्यायचं काम उत्तमरावाच्या बायकोकडे, पुष्पाबाईंकडे आलं होतं.

“वहिनी, त्यायले सांगा, घासलेल्या रंगाचा भुसा माह्या इंजिनावर पडून राह्यला.”

“अहो, ऐकलं का?”

“त्याले म्हना, इंजिनावर गोधडी टाक. थंडीबी वाजत असन त्याले.”

रंगराव मलकापूरच्या जिनिंगमध्ये फिटर होता. इंजिन त्यानं जीव लावून बांधलं होतं, कारण त्याला आता दुसरी संधी नव्हती. लेथवाल्यानं सिलिंडर परत देताना बजावलं होतं, “हा शेवटचा बोअर. भिंत पातळ झाली. आता आतून ओरखडा पडला, तर भंगारात टाका.” दुसरा सिलिंडर रंगरावानं जळगावपर्यंत शोधला होता. मिळाला नव्हता.

गाडी बाहेर काढायच्या सकाळी तो वॉशर मोजत खाली बसला होता. टाकी बसवून झाली होती. चिंचेचं पाणी आणि खडी घालून, हलवून हलवून उत्तमरावानं तिच्या आतला गंज काढला होता. वरचा लाल रंग चांगलाच बसला होता, हे रंगरावाला मनात कबूल होतं. तोंडानं कबूल करायचा प्रश्नच नव्हता.

“वहिनी, विचारा त्यायले, तेल टाकलं का.”

“अहो, तेल टाकलं का म्हनतात.”

“टाकलं म्हना. आंधळा हाय का तो?”

दुसऱ्याला एकट्यानं गाडी नेऊ द्यायला कुणीच तयार नव्हतं. शेवटी पुष्पाबाईंनीच तोड काढली. रोहिणखेडपर्यंत जाताना रंगरावानं चालवायची, येताना उत्तमरावानं.

तिसऱ्या किकला इंजिन सुरू झालं. रंगरावानं वळून सायलेन्सरकडे पाहिलं. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी तेल जळतं आणि मागे निळसर धूर सुटतो. इथे धूर नव्हता. तो वास नव्हता. पिस्टनला वंगण मिळतं ते त्या मिसळलेल्या तेलातूनच, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. एक शब्द विचारला असता तर कळलं असतं. पण पुष्पाबाई घरात गेल्या होत्या, आणि उत्तमराव त्याला हात लागू नये म्हणून मागचा कॅरिअर धरून सीटवर बसलेला होता. रंगरावानं गिअर टाकला.

गाव सुटलं. इंजिन छान फिरत होतं, आणि दुपारी गावात मिस्त्री म्हणून आपलंच नाव निघणार असं रंगरावाला वाटायला लागलं. मग चढ लागला. आवाज आधी बारीक झाला, मग घशात अडकल्यासारखा किरकिरला, आणि मागचं चाक जागीच थिजलं. रंगरावानं क्लच दाबेपर्यंत गाडी तिरपी होऊन मुरमात गेली. दोघं पडले नाहीत, इतकंच.

“तेल टाकलं म्हनलं होतं ना,” रंगराव म्हणाला. किती वर्षांनी तो भावाशी थेट बोलला, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

“टाकलं. दोन लिटर.”

“ते पेट्रोल झालं.”

“तेलच म्हनतात त्याले. पंपावर काय म्हनतं तू, पेट्रोल द्या साहेब?”

“मी टू-टी विचारलं होतं.”

“मले नाही विचारलं. तिले विचारलं.”

“टाकी कोनाची? त्यातलं मिसळायचं कोनी?”

“वंगण इंजिनाले लागते. इंजिन कोनाचं?”

रंगरावानं सिलिंडर निवायची वाट पाहिली, सायलेन्सर सोडला आणि त्या तोंडातून बोट आत घातलं. पिस्टनच्या कडेवर नख अडकलं. किक हळूच दाबून पिस्टन खाली नेला, आणि सिलिंडरच्या भिंतीवरच्या ओरखड्यातही अडकलं. उत्तमराव वाकला, त्यानंही बोट घालून पाहिलं आणि विजारीला पुसलं.

“धूर नव्हता निघत,” तो म्हणाला. “मांगं पाहून राह्यलो होतो मी.”

“मंग बोलला काऊन नाही?”

“तू काऊन नाही बोलला? तुलेबी दिसला नव्हता. मान वळवून पाहिलं तू.”

 रंगरावानं हो म्हटलं तर इंजिन आपणच मारलं असं होणार होतं. नाही म्हटलं तर फिटर कसला?

उत्तमरावानं उत्तराची वाट पाहिली नाही. पेट्रोलचा कॉक बंद केला, नळी ओढली, पान्हा उचलला आणि टाकीचे बोल्ट सोडायला लागला.

“काय करून राह्यला?”

“माहं घेऊन चाललो. तुहं तू आन.”

लाल टाकी त्यानं खांद्यावर घेतली. एसटीला हात केला. थांबलेल्या एसटीतून कंडक्टरनं टाकी पाहिली, नाक पुढे करून हुंगलं आणि डबल बेल मारली. उत्तमरावानं मागे पाहिलं नाही. पेट्रोल डुचमळवत तो मोताळ्याकडे पायीच निघाला.

रंगरावानं हँडल धरलं. उतार घराच्याच दिशेनं होता, म्हणजे भाऊ वाटेत लागणार होता. तो दिसेनासा होईपर्यंत रंगराव ब्रेक दाबून तिथेच उभा राहिला.