पिशीचे सर्व हक्क स्वाधीन

लेखक हा आपल्या सृष्टीचा ब्रह्मदेव असतो, आणि ब्रह्मदेवाच्या हातून त्याची सृष्टी काढून घेईल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. हे वाक्य मी बर्दवानच्या साहित्यसभेत म्हटलं तेव्हा टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते पहिल्या रांगेतले माझे प्रकाशक, शशधर कुंडू. माझी सृष्टी त्यांनी मागच्याच पोयला बैशाखाला माझ्याकडून लिहून घेतली होती. मला तेवढं ठाऊक नव्हतं.

पोयला बैशाखाला आमचं नवं वर्ष लागतं. त्या दिवशी कॉलेज स्ट्रीटचा प्रत्येक प्रकाशक आपापल्या लेखकांना दुकानात बोलावतो, खाऊ घालतो आणि वर्षाचे करार उरकतो. लेखकाच्या एका हातात शहाळं असतं, दुसऱ्या हातात छेन्याची मिठाई, संदेश. करार वाचायला तिसरा हात लागतो. मी संदेश तोंडात कोंबून हात मोकळा केला आणि त्या हाताने सही केली. आमच्यातले सगळे असंच करतात. जो वाचत बसतो त्याच्या वाटचे संदेश कवी खाऊन टाकतात.

मी सही करून दिली होती ती जगत्तारिणी. बागबाजारच्या गल्लीतली एक विधवा म्हातारी, जी चोर, भोंदू आणि भाडं बुडवणारे यांना नुसती झापून पकडते. तिची पुस्तकं दर दुर्गापूजेला निघायची आणि खपायची. समीक्षकांनी माझ्या कल्पनाशक्तीचं कौतुक केलं. प्रत्यक्षात माझी कल्पनाशक्ती म्हणजे माझ्या लिहिण्याच्या खोलीचं दार, जे मी चार बोटं उघडं ठेवत असे. पलीकडे माझी पिशी बसायची. पिशी म्हणजे वडिलांची थोरली बहीण, निभाननी. ऐन तरुणपणी विधवा होऊन ती आमच्या घरी आली आणि आल्यापासून बोलते आहे. मी फक्त उतरवून घ्यायचो. आमच्यात विधवेला मासळी वर्ज्य, म्हणून जगत्तारिणीलाही मी पिशीसारखंच वेगळ्या चुलीवर कच्च्या केळ्याची भाजी शिजवायला लावायचो, प्रत्येक पुस्तकात. समीक्षक त्याला वास्तववाद म्हणायचे.

माझा दोष एकच. मी सावकाश लिहितो. अलीकडे तर पूजेच्या पुस्तकाचं हस्तलिखित मी द्यायचो ते साधारण देवीचं विसर्जन झाल्यावर. शेवटी कुंडूंनी मला बोलावून घेतलं आणि फार मायेने सांगितलं की अनादिबाबू, तुम्ही आता विश्रांती घ्या, जगत्तारिणी यापुढे तमोनाश लिहील. तमोनाश हा तिशीचा, बारीक, पडेल ते लिहून देणारा मुलगा. पूजेच्या मांडवाचे बांबू रस्त्यात पडायच्या आत हस्तलिखित आणून देतो अशी त्याची ख्याती.

मी म्हटलं, जगत्तारिणी माझी आहे. कुंडूंनी करार पुढे सरकवला. त्यांचे जावई हीरक वकील आहेत, कलम त्यांनी रचलेलं. जगत्तारिणी हे पात्र, तिची बोली, तिच्या सवयी, तिचे शिव्याशाप आणि यापुढे ती जे काही बोलेल ते सर्व प्रकाशकाच्या मालकीचं. खाली माझी सही होती आणि सहीवर संदेशाचा कण.

तमोनाशचं पहिलं पुस्तक वेळेवर निघालं. त्यात जगत्तारिणी चोराला म्हणते, कृपया वस्तू परत करा. वाचकांनी कुंडूंना अशा भाषेत पत्रं पाठवली की ती जगत्तारिणीनेच लिहिली असावीत. कुंडू एकदा आमच्याकडे जेवले होते आणि भात चिवडण्यावरून पिशीची बोलणी खाऊन गेले होते. त्यामुळे झरा कुठे आहे ते त्यांना माहीत होतं. त्यांनी तमोनाशला जर्द्याची डबी देऊन आमच्या घरी धाडलं.

तो पिशीच्या पाया पडला. पिशी म्हणाली, हा वाळलेला शेवगा कुणाचा? तमोनाशने पेन काढून ते तळहातावर लिहून घेतलं. मग तो रोजच येऊ लागला. जाताना त्याच्या हातावर कोपरापर्यंत शाई असे. पिशी त्याला मुरमुरे आणि खोबरं द्यायची आणि मला ऐकू जाईल असं म्हणायची की या पोराला समोर बसून ऐकता येतं, काही लोकांना दाराआडून ऐकायची खोड असते.

मी वर्तमानपत्रात सदर लिहीत होतो. त्यात एकदा लिहिलं, माझी पिशी म्हणते, नळाला नुसती हवा येते पण येते वेळेवर, पंख्याचं बिल वाचलं. तिसऱ्या दिवशी हीरकबाबूंची नोटीस आली. सदर वाक्य प्रकाशकाच्या मालकीचं असून विनापरवाना वापरलं गेलं आहे.

आता मात्र माझी झोप उडाली. मला जगत्तारिणी परत हवी होती. तिच्याशिवाय मी लिहिलेलं एकही पुस्तक माझ्याच्याने शेवटपर्यंत वाचवत नाही, आणि साठी उलटल्यावर दुसरं पात्र कुठून आणायचं? घरात दुसरी पिशी नव्हती.

नाइलाजाने मी पिशीला सगळं सांगितलं. ती विळीवर केळं चिरत होती.

"म्हणजे मी आता बोलले तर ते त्या कुंडूचं?"

"कायद्याने, हो."

"आणि शिंकले तर?"

मी सांगितलं की कलमात सवयीही आहेत. पिशीने विळी आडवी केली.

"मग त्याला म्हणावं, दुकान बंद."

हे तिचं शेवटचं वाक्य. त्यानंतर ती बोलेनाशी झाली.

आमच्या गल्लीने असं काही पाहिलं नव्हतं. मोलकरीण न सांगता भांडी दोनदा घासू लागली. दूधवाल्याने दुधात पाणी घालणं सोडलं, कारण बोलणाऱ्या पिशीची त्याला सवय होती, न बोलणारीची नव्हती. मी दार चार बोटांऐवजी सताड उघडं ठेवलं. काही उपयोग झाला नाही. तमोनाश दुपारभर समोर बसायचा आणि स्वच्छ हाताने घरी जायचा. त्याच्या नव्या कादंबरीत चोर पलंगाखाली सापडला होता. जगत्तारिणी त्याला काय म्हणते ते कळेना, म्हणून तो महिनाभर पलंगाखालीच पडून होता. तमोनाशने मला विचारलं, "अनादिदा, चोराला निदान पाणी तरी देऊ का?"

हीरकबाबूंचं मत पडलं की मौन हीसुद्धा सवयच, तेव्हा पिशीचं मौनही कंपनीच्या मालकीचं. कुंडूंनी विचारलं, ते छापायचं कसं?

रस्त्यात मांडवाचे बांबू येऊन पडले त्या दिवशी कुंडू स्वतः आमचे दोन मजले चढून आले. बरोबर मिष्टी दोईचं, म्हणजे गोड दह्याचं मडकं, हीरकबाबू आणि तमोनाश. मडकं पिशीपुढे ठेवून ते खालीच बसले. म्हणाले, अनादिबाबू, तुमचं तुम्हाला परत, पण यांना बोलायला सांगा. हीरकबाबूंनी नवा करार काढला. या वेळी माझे दोन्ही हात मोकळे होते. मी शब्द न शब्द वाचला. सगळं माझ्या नावावर होतं. मी पेन उघडलं.

पिशीने कागदावर पालथा हात ठेवला. मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझं नाव खोडलं. सावकाश, नीट, आडव्या रेघेने. त्यावर स्वतःचं नाव लिहिलं.

मी हीरकबाबूंकडे पाहिलं. ते म्हणाले, बोली त्यांची आहे, कायद्याचं काय ते मी बघतो, पण यांच्याशी वाद मी घालणार नाही. तमोनाश तर लगेच राजी झाला. एकूण ठरलं ते असं की जगत्तारिणी आणि ती जे काही बोलेल ते सर्व श्रीमती निभाननी देवींचं. मी लिहो की तमोनाश, आधी त्यांना विचारायचं आणि लिहिलेलं वाचून दाखवायचं. ब्रह्मदेवाची जागा तशीच राहिली, फक्त मी तिथून उठलो.

हीरकबाबूंनी खाकरून विचारलं, पिशीमांच्या आणखी काही अटी? मुखपृष्ठावर नाव, सिनेमाचे हक्क, नफ्यातला वाटा? कुंडूंनी डोळे मिटून घेतले. तमोनाशने पेनाचं टोपण काढून तळहात पुढे धरला. आता इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर येणार म्हणून मी भिंतीला टेकलो.

पिशीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे वळली.

"दुसरं काही नको, अनादि. त्या पुस्तकातल्या बाईला एकदा इलिश माशाचा तुकडा खाऊ घाल. मोहरीतला. गाबोळीसकट."