भिंतीकडे तोंड

उन्हाळ्यात सूर्य धक्क्यामागे उतरला की बंदराच्या गल्लीतल्या बायका खुर्च्या दाराबाहेर काढतात आणि उरलेल्या गावाची चौकशी सुरू होते. समुद्रावरून वारा येतो, पालेर्मोची बोट येते, पुरुष इस्त्रीचे सदरे घालून धक्क्याच्या टोकापर्यंत जातात आणि तिथं काही नाही याची खात्री करून परत येतात. यातलं काहीएक नुन्झियाला दिसत नसे. तिची खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती.

यात कुणाची दुष्टाई नव्हती, रीतच तशी. घरचं कुणी गेलं की बाईनं काळे कपडे घालायचे आणि बाहेर बसायचं ते रस्त्याला पाठ करून. वारा खायला मनाई नाही, बघायला मनाई. नवऱ्यासाठी दोन वर्षं, भाऊ-मामा-काकासाठी एक, बापासाठी तीन. नवऱ्याची दोन वर्षं नुन्झियानं बिनतक्रार काढली. नवरा काही फार बघण्यासारखा नव्हता. त्या मानानं भिंत बरी होती.

गेल्या उन्हाळ्यात ही मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी तिनं खुर्ची साबणानं धुऊन वाळत ठेवली. तेवढ्यात तिची नणंद कालोजेरा ऊर बडवत आली.

"वहिनी, घात झाला! तुझा लिबोरिओमामा गेला गं! अर्जेंटिनाच्या बोटीवरचा खलाशी सांगत होता."

"कोणता खलाशी, वन्सं?"

"एवढ्या दुःखात खलाशाचं नाव काय विचारत बसू?"

मामा नुन्झियाच्या आईचा भाऊ. कालोजेराचा कुणीच नव्हे. त्यामुळे नुन्झियाची खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळली, आणि कालोजेराची समुद्राकडेच राहिली. शेजारी तिची मुलगी मेलिना, तीही समुद्राकडे.

नुन्झियाचा जीव अडकला होता तो गास्पारेच्या बुटांत. गास्पारे शिडांचा आणि दोरांचा व्यापारी, विधुर. चर्चच्या पायरीवर एकदा हळूच म्हणाला होता, "नुन्झियाबाई, तुमची खुर्ची फिरली की बोलू." एवढ्या वाक्यावर तिनं वर्षं काढली. त्याचे बूट करकरत. रोज संध्याकाळी ती करकर गल्लीच्या तोंडाशी सुरू होई, वाढत वाढत नेमकी तिच्या पाठीमागे येऊन थांबे आणि काळोख पडेपर्यंत तिथंच राही. "शुभ संध्याकाळ," तो म्हणे. मग बायका खुसखुसत. नुन्झियाची मान तापे. मानेवरचा घाम पुसायचाही तिला संकोच वाटे. माणूस बघतोय ना.

मामाचं वर्ष सरत आलं होतं. त्या संध्याकाळी बोट लागली, पावलं वाजली, आणि एकाएकी गल्लीतलं भोपळ्याच्या बिया फोडणं थांबलं. असली शांतता गल्लीत फक्त पाद्रीबाबांचं पाकीट मारलं गेलं तेव्हा पडली होती.

"अगं नुन्झिया!" मागून आवाज आला. "भिंतीला तोंड लावून कसली बसलीस? कोण गेलं?"

आवाज तिनं ओळखला. मागे वळायची मनाई होती, म्हणून ती भिंतीलाच म्हणाली, "तुम्हीच गेलात, मामा."

लिबोरिओमामा पांढऱ्या सुटात, पोट पुढे, उभा होता. सगळ्या गल्लीला तो बोटीवरून उतरतानाच दिसला होता. दिसला नव्हता तो फक्त त्याचा दुखवटा पाळणारीला.

"मी? कधी?"

"गेल्या उन्हाळ्यात. वन्संनी निरोप आणला."

"खलाशी मेले खोटारडेच," कालोजेरा म्हणाली, आणि तिनं एक बी फोडली.

नुन्झिया उठली. मेलेला माणूस समोर असताना त्याचा दुखवटा काय पाळायचा! तिनं खुर्ची उचलली आणि समुद्राकडे फिरवली. समुद्र होता तसाच होता. अलीकडे मेलिनाची खुर्ची होती, तिला टेकून गास्पारे उभा होता, आणि मेलिनाच्या बोटात अंगठी होती. त्याचे बूट होते तिथंच होते. फक्त त्यांची टोकं दुसरीकडे होती.

"तुला सांगणारच होते," कालोजेरा म्हणाली. "पण दुखवट्यातल्या बाईला आनंदाची बातमी सांगू नये म्हणतात. पुढच्या महिन्यात लग्न आहे."

"वा! छानच झालं." नुन्झियानं मामाला बसवलं, लिंबाचा बर्फ दिला. "मामा, वन्संचे यजमान तिकडे अर्जेंटिनातच आहेत ना, बास्तियानोराव? पंधरा वर्षांत खबर नाही. भेटतात का कधी?"

"बास्तियानो? अगं, त्याचं तर काही विचारूच नकोस!" मामाचा चेहरा हसून फुलला. मग त्याला भाचीची नजर दिसली. तिचा काळा झगा दिसला, भिंतीवर खुर्चीच्या पाठीनं घासून पडलेला चट्टा दिसला. आपल्याला वर्षभर मारून ठेवणारी बाई बिया फोडताना दिसली. मामानं सावकाश टोपी काढली.

"कालोजेरा, पोरी, धीर धर," तो म्हणाला. "तापानं गेला बिचारा. मागच्या महिन्यात. मीच माती टाकली."

कालोजेरानं किंकाळी फोडली. ती खोटी होती की खरी, हे गल्लीला अजून ठरवता आलेलं नाही. मेलिनाचं रडणं मात्र खरं होतं. गास्पारेनं बापाची तीन वर्षं मनातल्या मनात आपल्या वयात मिळवली, टोपी उचलली, आणि करकर करत गेला.

दोघींच्या खुर्च्या नुन्झियानंच भिंतीकडे फिरवून दिल्या. घरच्या माणसानं एवढं तरी करावं.

स्वयंपाकघरात सार्डिन तळताना तिनं विचारलं, "खरं काय?"

"बैलासारखा माजलाय," मामा म्हणाला. "बेकरी आहे. दुसरी बायको, दोन पोरं."

"असू दे. सुखी राहो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी करकर पुन्हा आली आणि तिच्यासमोर थांबली.

"शुभ संध्याकाळ, नुन्झियाबाई. खुर्ची फिरली म्हणायची."

नुन्झियानं त्याला उजेडात पहिल्यांदाच नीट पाहिलं. मिशा बुटाच्या पॉलिशनं काळ्या केल्या होत्या, आणि उकाड्यानं ते ओठावर उतरलं होतं.

"फिरली ना," ती म्हणाली. "म्हणून तर दिसतंय सगळं."

तो धक्क्याकडे गेला. मेलिना भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होती. नुन्झियानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नको, बाळ. सवय होते. कान तयार होतात. थोड्या दिवसांनी बूट कुणापाशी थांबले, तेही ओळखता येईल." मग ती जरा मोठ्यानं म्हणाली, "वन्सं, पाठ सरळ ठेवा. लोक बघतायत."