मी बाजूला बसायची वाकळ

मी वाकळ बोलतेय. घरातल्या बाकीच्या वाकळा उन्हात पडतात, लेकरांच्या अंगावर लोळतात. मला मात्र कुणी हात लावत नाही. कावळा शिवला की बाईनं पडवीच्या कोपऱ्यात माझ्यावर बसायचं, चार दिवसांनी मला धुवायचं आणि परत त्याच कोपऱ्यात टाकायचं. एवढंच माझं जगणं.

वेल्हे तालुक्यात, तोरण्याच्या पायथ्याच्या गावात मला चंद्राबाईनं शिवलं. तिची जुनी लुगडी, नवऱ्याचं फाटकं धोतर आणि वर धावदोरा. पंचवीस वर्षं तीच माझ्यावर बसली. तिची पाळी गेली नि ती सुटली, तशी तिची सून आली, सुलक्षणा.

सुलक्षणाला दोन मुली. धाकटीच्या वेळी इतकं रक्त गेलं की टेम्पोत घालून भोरला नेली, तेव्हा कुठं जीव राहिला. तिच्या नवऱ्याला, सोमनाथला, तरी मुलगा हवा होता. तिला मात्र एकच धास्ती, पुन्हा दिवस गेले तर आपण वाचत नाही. अठ्ठ्याण्णव साली तिनं उपकेंद्राच्या नर्सबाईंकडून गुपचूप गोळ्यांचं पाकीट आणलं. लपवायचं कुठं? माझ्या उसवलेल्या कडेत! मला कोण हात लावतंय? मला तर बाई गर्वच झाला.

पण घोळ तिथंच झाला. एरवीच्या दिवसांत सुनेनं मला हात लावला तर विटाळ. सासूचा डोळा चुकवूनच गोळी काढायची. चंद्राबाई पडवीत तांदूळ निवडत बसली की त्या दिवशीची गोळी हुकलीच. कधी दोन-दोन दिवस. मग महिना भरायच्या आत डाग दिसायचे. डाग दिसले की माझ्यावर बसायचं, आणि बसली की गोळ्या अगदी नेमानं! उठली की पुन्हा हुकायच्या. एका महिन्यात ती तीनदा बाजूला बसली, तेही ऐन भातलावणीत.

चंद्राबाई करवादली. ही पाळी हाय का वेल्ह्याची एसटी, कवाबी येती, असं शेजारणीला सांगून मोकळी झाली. काहीतरी बाहेरचं असेल, देवऋष्याला दाखवू, असंही ठरलं. सुलक्षणा रडकुंडीला आली. गोळीच बाधली, सोडून द्यावी, असं तिच्या मनानं घेतलं. मी आतल्या आत तळमळत होते. अगं, गोळी नाही, माझी कड बाधलीय तुला! पण वाकळेला तोंड कुठलं?

नर्सबाई पोरांच्या लशीसाठी गावात आल्या, तेव्हा ती माझ्यावरच बसली होती. हळू आवाजात तिनं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, सुरुवातीला दोन-तीन महिने थोडे डाग जातात, पाळीही कमी जाते, घाबरायचं नाही. फार गेलं तर दवाखाना गाठायचा. पण गोळी चुकली की डाग वाढतात, आणि दिवसही राहू शकतात. रोज एका वेळेला घे, हाताशी ठेव. 

उठायच्या दिवशी सुलक्षणानं पाकीट माझ्यातून काढलं आणि सरळ चुलीमागच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं. पडवीतून मला चूल दिसते. दोन दिवसांत ते चंद्राबाईच्या हाताला लागलंच. हे काय, म्हणून तिनं विचारलं. सुलक्षणाचे हात पिठात होते.

“पोर न राहायच्या गोळ्या हायेत, आत्या. त्येच्यानंच डाग जात व्हते. आता दिवस गेलं तर मी वाचायची न्हाई. टेम्पोत माझं डोकं तुमच्याच मांडीवर व्हतं.”

चंद्राबाई कितीतरी वेळ पाकीट उलटंसुलटं करत राहिली.

“आजची घेतलीस का?”

“न्हाई अजून.”

“मग आदी घे. सोमनाथचं मी बघते.”

बोलली तसं तिनं निभावलं. या गोष्टीला पाच वर्षं झाली. आता दिवेलागणीला चंद्राबाईच आठवण करते. पाळी महिन्याच्या महिन्याला येते, दोन दिवसांत आटोपते.

पण ते दोन दिवस सुलक्षणा अजून माझ्यावरच बसते. चंद्राबाई फळीवरच्या पाकिटातून पाळीच्या दिवसांतली तांबडी, लोहाची गोळी काढते, पडवीत येते आणि वरूनच तिच्या ओंजळीत टाकते. शिवाशिव नको म्हणून! थोरली पोरगी अकरा वर्षांची झालीय, उंबऱ्यात उभी राहून हे बघते. तिनं माझ्याकडं पाहिलं की मला धडकी भरते.

माझी शिवण सुटत आलीय. मला चुलीत घाला, माझी तक्रार नाही. पण चंद्राबाई, गोळीला तू चुलीपाशी जागा दिलीस. आता ती खाणारीलाही आत घे.