काही शंका असल्यास

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण परदेशातल्या एका अख्ख्या विद्यापीठाला मी फोनवरून घाम फोडलेला आहे. मी, म्हणजे पँटी अल्टर करणारा टेलर.

"झालं सुरू," पडद्याआडून पोस्टमन म्हणाला. त्याची खाकी पँट माझ्या मशीनवर होती, त्यामुळे त्याला पळून जाता येत नव्हतं. असा श्रोता मिळायला नशीब लागतं.

माझी थोरली तिकडे शिकायला गेली होती. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. अशा लांबून आलेल्या पोरांची विचारपूस करायला तिथे म्हणे वेगळं ऑफिसच आहे. तेही फुकट! माझे कान तेव्हाच टवकारले. इथे कुणी चिंधी फुकट देत नाही, आणि ही माणसं माया वाटतायत? पोरीला फितवणार, नाहीतर नारळ देणार, दुसरं काय!

"एक दिवस त्या ऑफिसातल्या बाईचा फोन," मी सुईत दोरा ओवत म्हणालो. "मधे भाषांतराला आमचीच कन्या. बाई बोलतेय, बोलतेय. आवाज असा मऊ, ऑपरेशनच्या आधी डॉक्टर काढतात तसा. आणि कापडाच्या एवढ्या मोठ्या ठाणातून आपल्या भाषेत निघालं काय? 'बाबा, काही शंका असल्यास विचारा म्हणतात.' बस्स! मधलं कापड गेलं कुठे, सांगा!"

"मग?"

"म्हटलं, शंका ना? घ्या! यात तुमचा फायदा काय? माझ्या पोरीवर पाळत कशाला? कशाकशावर सह्या घेतल्यात? बाई चळाचळा कापायला लागली. शेवटी थोरल्या साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, मास्तर, असा बाप पाहिला नाही, कोटाचं माप पाठवतो."

"आणि दिलात शिवून?"

"तिकडचे झाडून सगळे प्रोफेसर आज माझ्याच कोटात हिंडतात!"

कोपऱ्यात काजं करत बसलेल्या थोरलीने दोरा दाताने तोडला. शिक्षण अर्धवट टाकून आल्यापासून ती दुकानात फारशी बोलत नाही.

"खोटं," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही एकच शंका विचारलीत. 'पोर नीट जेवते ना?' बाई तेच तर सांगत होत्या, की मी जेवत नाही, खोलीबाहेर पडत नाही. मी त्यांचं तुम्हाला सांगितलं नाही, तुमचं त्यांना विचारलं नाही. 'हो, जेवते म्हणतात,' हे माझंच होतं."