वळणावर थांबायला जागा नाही

आमच्या ग्रेनेडात हॉर्न कुणाला रस्त्यातून हाकलायला वाजवत नाहीत. इथे हॉर्न म्हणजे ‘काय, बरं आहे ना?’ दोन आखूड दिले की मित्राला, एक लांब दिला की रमच्या टपरीवरच्या समस्त मंडळींना. ज्याच्यासाठी वाजवला त्याने हातातलं काम न सोडता एक हात वर करायचा. नाही केला, तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं की अमक्याचं तमक्याशी बिनसलंय.

कॉस्मस या बाबतीत मोठा दिलदार. जहाज बंदराला लागलं की त्याची पिवळी बस पाहुण्यांना बेट दाखवायला निघे. अर्ध्या दिवसात अख्खं ग्रेनेडा: आधी धबधबा, मग डोंगरावरचं तळं, मग खाली उतरून पश्चिम किनाऱ्याने ग्वाव गावातलं जायफळाचं कोठार, आणि जहाज सुटायच्या आत परत धक्क्यावर. वाटेत तो इतक्या जणांना हॉर्न द्यायचा की पाहुण्यांना वाटे, हा माणूस निवडणुकीला उभा आहे.

आणि एवढ्या ओळखींतल्या एकाच्याही घरी त्याचं जाणं-येणं नव्हतं. तो राहायचा बहिणीच्या घरामागच्या खोलीत. बहीण ब्रुकलिनला जाऊन जमाना झाला होता. रविवारी तो ऑइल डाउन करायचा. निरफणस, खारवलेलं मांस, अळूची पानं, सगळं नारळाच्या दुधात आटवायचं. हे आमच्याकडे अंगणात भलं मोठं पातेलं चढवून आळीने मिळून करायचं जेवण. कॉस्मस ते एकटा करायचा आणि बुधवारपर्यंत तेच गरम करून खायचा. मला विचाराल तर एकट्याने ऑइल डाउन खाणारा माणूस बघवत नाही.

आता त्या वळणाचं सांगायला हवं. ग्रँड रॉय गाव सोडलं की रस्ता समुद्राला चिकटून एक अवघड वळण घेतो. उजव्या हाताला चढावर मिस यूलालीचं निळ्या खिडक्यांचं लाकडी घर. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने मिसच म्हणतात. मिस यूलाली शाळेचे गणवेश शिवायची. नवरा मासेमारीला गेला तो परत आला नाही, त्याला फार वर्षं झाली. एकुलता मुलगा टोरांटोला. कॉस्मसचा हॉर्न वाजला की ती शिवण ठेवून व्हरांड्यात यायची आणि हात हलवायची. बाकीचे बसल्या जागेवरून हात वर करत. ही उठून बाहेर यायची.

एकदा एका पाहुणीने विचारलं, “त्या कोण?” कॉस्मसच्या तोंडून निघून गेलं, “बायको.” का निघालं ते त्यालाही कळलं नाही. पण बस अशी खूश झाली, सगळ्यांनी खिडक्यांतून असे हात हलवले, की दुसऱ्या फेरीला त्याने ते पुन्हा सांगितलं. तिसऱ्या फेरीला त्यात मीठमसाला आला. “मंडळी, उजवीकडे आमच्या साहेबीणबाई! जोरात हात हलवा, नाहीतर आज रात्री मला उपाशी झोपावं लागेल.” गाईडचं खोटं आम्ही खोट्यात धरत नाही. डोंगरावरच्या तळ्याला तळच नाही असंही तो रोज सांगायचा. ते केवढंसं खोल आहे ते शाळेतल्या पोरांना ठाऊक असतं. पण तळ्याबद्दल सांगताना त्याच्या छातीत काही हलायचं नाही, आणि वळण जवळ येऊ लागलं की हलायचं. अशी वर्षं गेली. तो तिथे कधी थांबला नाही.

त्या गुरुवारी धक्क्यावर एक म्हातारी इंग्लिश बाई सगळ्या ड्रायव्हरांना सोडून थेट त्याच्याकडे आली. तान्हं मूल धरावं तसं एक चपटं पार्सल तिने छातीशी धरलं होतं.

“ओळखलंत का कॉस्मस? मी मिसेस हार्टली. गेल्या वर्षी आम्ही दोघं तुमच्या मागच्याच सीटवर होतो. माझे यजमान सारखे फोटो काढत होते.”

“ओळखलं तर!” कॉस्मस म्हणाला. त्याने अजिबात ओळखलं नव्हतं. “साहेब कुठे आहेत?”

“ते एप्रिलमध्ये गेले.”

कॉस्मसने टोपी काढली. बाईने पार्सलचा कागद एका कोपऱ्यात हळूच उलगडून दाखवला. आत फ्रेम केलेला फोटो होता. पुढे कॉस्मसचा चेहरा, बाजूने, दात दिसेपर्यंत हसणारा. आणि त्याच्यापलीकडे, खिडकीच्या चौकटीत, व्हरांड्यात हात वर केलेली मिस यूलाली. एकाच फोटोत दोघं.

“त्यांच्या आवडीचा फोटो हा. म्हणायचे, बघ हा माणूस बायकोकडे कसा बघतो. मी तुमच्या पत्नीला हा माझ्या हाताने देणार. तेवढ्यासाठी आलेय मी.”

कॉस्मसने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. “अहो, त्या वळणावर थांबायला जागाच नाही,” तो म्हणाला. “माझ्याकडे द्या, मी देतो घरी.”

“मी लांबून आलेय, कॉस्मस,” बाई म्हणाली, आणि चढून त्याच्या मागच्याच सीटवर बसली.

धबधब्यापाशी त्याने काय सांगितलं ते त्याला आठवत नाही. तळ्यापाशी तो तळाचं सांगायचंच विसरला. डोक्यात एकच चालू होतं: आज ती घरी नसू दे. बाजारात असू दे, चर्चमध्ये असू दे. हॉर्नच द्यायचा नाही. हॉर्न दिला नाही तर ती बाहेर येणार नाही. गावभर झालं तर होऊ दे. बाईला सांगू, अरेरे, नेमकी गेली वाटतं कुठे. हे पक्कं ठरवून तो किनाऱ्याच्या रस्त्याला लागला. ग्रँड रॉय गेलं, वळण आलं, आणि त्याच्या हाताने सवयीने हॉर्न दाबला.

मिस यूलाली बाहेर आली. तिने हात वर केला.

“त्या बघा! त्याच त्या!” मिसेस हार्टली अशी ओरडली की अख्खी बस उजवीकडे झुकली. कॉस्मसने बस जमेल तेवढी कठड्याला चिकटवली आणि थांबवली. मिस यूलालीचा हात वरच राहिला.

मिसेस हार्टली उतरली, तिच्यामागून झाडून सगळे उतरले आणि चढ चढून अंगणात आले. कॉस्मस सगळ्यांच्या मागे, टोपी मुठीत आवळून. धरणीने पोटात घेतलं असतं तर तो आनंदाने गेला असता. ती आता म्हणणार, कोण नवरा? कुणाचा नवरा?

मिसेस हार्टलीने पार्सल तिच्या हातात दिलं. “तुमच्या यजमानांचा आणि तुमचा फोटो. माझ्या यजमानांनी काढलेला.”

मिस यूलालीने फोटो बघितला. मग मान वर करून कॉस्मसला बघितलं. इतक्या जवळून ती त्याला पहिल्यांदाच बघत होती. तिच्या केसांत कानाशी पांढरी बट आहे, हे कॉस्मसला रस्त्यावरून कधी दिसलं नव्हतं.

“कॉस्मस,” ती म्हणाली, “पाहुणे आणायचे तर आधी सांगायला काय होतं रे तुला? आणि हा शर्ट? कॉलर बघ जरा! निळा कुठे गेला?”

कॉस्मसने कॉलर चाचपली. “निळा... निळा ओला होता.”

“ओला कसला! मी घडी करून कपाटात ठेवलाय. समोर ठेवलेली वस्तू दिसेल तर शपथ!” ती पाहुण्यांकडे वळली. “बेटावरचं झाड न् झाड दाखवेल हा तुम्हाला, पण स्वतःचा शर्ट सापडायचा नाही.”

सगळे हसले. कॉस्मसही हसला. आपला शर्ट कुठे आहे हे त्याला कुणी सांगितल्याला किती काळ लोटला होता, कोण जाणे. त्याला वाटलं, ही अशीच रागावत राहू दे, जहाज गेलं तर जाऊ दे.

“सरबत केलं असतं, पण ग्लाससुद्धा बांधून—” मिस यूलाली बोलता बोलता थांबली. “धुवून ठेवलेत.”

कॉस्मसने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. भिंतीवर काही नव्हतं. शिलाई मशीन चादरीत गुंडाळून सुतळीने बांधलेलं होतं, शेजारी दोन बॅगा.

“किती वर्षं झाली लग्नाला?” मिसेस हार्टलीने विचारलं.

कॉस्मस समुद्राकडे बघू लागला. मिस यूलाली म्हणाली, “मोजत बसले असते तर टिकले असते का मी?”

पुन्हा हशा झाला. मिसेस हार्टलीने मात्र तिचे दोन्ही हात धरले. “मीही वर्षं मोजायला नको होती,” ती म्हणाली, आणि पर्समध्ये रुमाल शोधू लागली. एका तरुण पाहुण्याने तिला दंडाला धरून खाली नेलं. मागोमाग बाकीचेही उतरले. मागे दोन बस खोळंबल्या होत्या. पहिल्या बसमधून फिट्झरॉय ड्रायव्हर ओरडला, “ए कॉस्मस! रस्ता बापाचा आहे का तुझ्या?”

अंगणात दोघंच उरली.

“मिस यूलाली, मला माफ करा,” कॉस्मस म्हणाला. “ते मी... एकदा तोंडातून गेलं, आणि मग...”

“मला कधीचं माहीत आहे,” ती म्हणाली. “भाड्याची गाडी घेऊन एक जोडपं आलं होतं, पपनसं मिळतील का विचारायला. म्हणे, तुमचे ड्रायव्हर यजमान काय गोड बोलतात! मी म्हटलं, हो, बाहेर गोडच बोलतात.”

“मग तुम्ही कधी बोलला नाहीत?”

“बोलू कुणाशी, बसच्या धुराशी?” ती हसली, पण हसू टिकलं नाही. “पहाटे समोरून जहाज जाताना दिसलं की मी केस विंचरून बसायची, मिस्टर कॉस्मस. गणवेशाला उशीर झाला म्हणून आयांच्या शिव्या खाल्ल्यात मी. दर वेळी वाटायचं, आज वळणावर गाडी हळू होईल.”

“इथे थांबायला जागाच—” तो म्हणाला.

तिने खाली बघितलं. कठड्याला चिकटून पिवळी बस उभी होती.

“आज मिळाली की,” ती म्हणाली.

कॉस्मसनेही खाली बघितलं. फिट्झरॉयने हॉर्न दिला, आमच्या बेटाला न शोभणारा.

“मुलाला मूल झालंय,” तीच म्हणाली. “शनिवारचं विमान आहे. घराला कुलूप. थंडीचा कोट पाठवलाय त्याने, घालून बघितला तर त्यात मी मला सापडेचना.”

‘जाऊ नका’ हे दोन शब्द कॉस्मसच्या ओठांवर आले होते. पण कुठल्या नात्याने म्हणणार? नातं सांगायचं ते त्याने सगळ्या जगाला सांगितलं होतं, तिला सोडून. तो म्हणाला, “विमानतळावर सामान न्यायला गाडी लागेल ना? मी येतो.”

“शेजारचा रॉयस्टन नेतोय. त्याला महिन्यापूर्वीच सांगून ठेवलंय.” ती थांबली. “तुम्हाला कुठे सांगणार होते? तुम्ही हात हलवून पुढे.”

त्याने मान हलवली आणि फोटोसाठी हात पुढे केला. तो आपल्याकडेच राहणार, असं त्याने धरलं होतं. मिस यूलालीने फ्रेम पदरात घ्यावी तशी जवळ ओढली.

“हा मी नेते. तिथे चर्चमधल्या बायका विचारतीलच, तुमचं माणूस कुठे असतं. सांगेन, ग्रेनेडात बस चालवतो. बाहेर गोड बोलतो.” मग तिने हात लांब करून त्याची कॉलर सरळ केली. “जा आता. लोकांचं जहाज चुकेल.”

तो खाली उतरला. बस सुरू करताना त्याने दोन आखूड हॉर्न दिले. तिने हात वर केला. बसमधल्या सगळ्यांनी हात हलवले. ग्वावला पोचेपर्यंत मिसेस हार्टली मागून म्हणत होती की तुम्ही भाग्यवान आहात, कॉस्मस, फार भाग्यवान. कॉस्मस आरशात बघत नव्हता.

शनिवारी दुपारी विमान डोक्यावरून गेलं, तेव्हा तो बस धूत होता. रविवारी त्याने ऑइल डाउन केलं नाही.

आता जहाज लागलं की त्याची बस त्या वळणावर थांबते. प्रत्येक फेरीला थांबते. मागचे ड्रायव्हर पहिल्यांदा शिव्या घालायचे. आता फिट्झरॉयसुद्धा गुपचूप मागे उभा राहतो. कॉस्मस दोन आखूड हॉर्न देतो. निळ्या खिडक्या बंद असतात, व्हरांड्यात वाळकी पानं साचलेली असतात. पाहुणे उतरून समुद्राचे फोटो काढतात, कारण दुसरं बघण्यासारखं तिथे काही नाही.

मागच्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, “कोणाचं घर हे?”

“आमच्या बायकोचं,” कॉस्मस म्हणाला. “ती टोरांटोला असते, मुलाकडे. नातवंड झालंय.”

“अय्या! मग परत कधी येणार?”

“ख्रिसमसला,” कॉस्मस म्हणाला. तळ्याला तळ नाही, हे तो ज्या आवाजात सांगतो, त्याच आवाजात.