मागचा उतार

शाळेत असताना आईने भूगोल कधी मनावर घेतला नव्हता. आता लेकीसाठी घ्यावा लागत होता. दम्याने बेजार झालेली चिऊ यंदा घरूनच नववी करत होती. त्यामुळे आई सकाळी शिलाई मशीन बाजूला सारून पुस्तक उघडायची. आदल्या दिवशी आपण वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी तिला शिकवायचं, असा सगळा कारभार.

त्या मंगळवारी धडा होता भूस्खलनाचा.

"उतार सरकण्याआधी खुणा दिसतात," आईने वाचलं. "खांब कलतात, भिंतींना तिरक्या भेगा पडतात, दारं चौकटीत अडकतात, भलत्याच जागी गढूळ पाणी झिरपतं."

चिऊने वहीतून मान वर केली. "आई, आपलं मागचं दार कालपासून लागत नाहीये."

"लाकूड फुगलं असेल गं, पावसाने."

बोलून गेली खरी, पण पाऊस थांबून दहा दिवस झाले होते.

दोघी मागे गेल्या. टेकडीच्या पायथ्याशी ओळीने सहा घरं होती, त्यातलं यांचं चौथं. आईने दोऱ्याला कात्री बांधून ती विजेच्या खांबाशेजारी धरली. दोरा सरळ खाली लोंबला आणि खांब त्याच्यापासून चांगला वीतभर दूर गेलेला दिसला. दगडी बांधाच्या बुडातून चहाच्या रंगाचं पाणी येत होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक तिरकी भेग होती. ती जुनीच असेल, असं आईने स्वतःला बजावलं. तरी कापडावर खुणा करायच्या खडूने तिने भेगेवरून एक आडवी रेघ ओढली.

पालिकेत फोन लावला. "अर्ज देऊन ठेवा," कारकून म्हणाला. "साहेब गुरुवारी येतील." चिऊचे बाबा बस चालवत होते, त्यामुळे ते फोन उचलणार नव्हते.

तासाभराने आई पुन्हा भेगेपाशी गेली. खडूची रेघ तुटली होती. तिचं एक टोक दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली आलं होतं. आपण वेड्यात निघू ही भीती एकीकडे आणि ती रेघ दुसरीकडे. आईने चिऊचा हात धरला आणि शेजारचं दार वाजवलं.

त्या वेळी ओळीत घरी होते ते फक्त निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची बायको. बाकी सगळे कामावर.

"एका धड्यावरून घर सोडायचं?" पोस्टमास्तर हसले. "उद्या ज्वालामुखीचा धडा आला, की काय करशील, सूनबाई?"

"हसा खुशाल, पण आधी बघायला चला."

गुडघे धरत ते आले. रेघेवरून बोट फिरवलं. ते बोट जिथे अडखळलं, तिथे त्यांचं हसू मावळलं. "अहो, ऐकलंत का," त्यांनी बायकोला हाक मारली, "गॅस बंद करा आणि चपला घाला."

चौघं गल्लीच्या टोकाला, मोठ्या रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. अर्धा तास गेला. टेकडी आपली जागच्या जागी. पोस्टमास्तरांची बायको म्हणाली, "उगाच उन्हात आणलंस बाई." आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात चिऊच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली.

"पंप कुठेय?" आईने विचारलं. चिऊला बोलवेना. तिने घराकडे बोट केलं.

आई धावली. घरात शिरताना जमीन पायाखाली मऊ लागली, का तसं वाटलं, कोण जाणे. पंप टेबलावर नव्हता. उशीखाली नव्हता. मांडणीतल्या ताटल्या आपोआप किणकिणायला लागल्या, तेव्हा तो भूगोलाच्या पुस्तकाखाली सापडला. बाहेर पडताना मागे काहीतरी फाटलं. जाड कापड टर्रकन फाटावं तसा आवाज, फक्त तो थांबतच नव्हता. तिने मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर पाय उचलले नसते.

रस्ता ओलांडून तिने पंप चिऊच्या तोंडाला लावला. "ओढ. अजून एकदा." चिऊचे डोळे आईच्या खांद्यावरून पलीकडे खिळले होते. धूळ त्यांच्या अंगावर आली तेव्हा कुठे आई वळली. तिसरं, चौथं आणि पाचवं घर दिसत नव्हतं. तिथे माती होती, आणि मातीत उलटं झालेलं एक झाड.

पोस्टमास्तर फुटपाथवर बसले. "आमचं पाचवं," एवढंच म्हणाले.

माणूस एकही गेला नाही. संध्याकाळी चिऊचे बाबा गणवेशातच धावत आले आणि दोघींना घट्ट धरून लहान मुलासारखे रडले.

मावशीकडे राहायला गेल्यावर आईने उसनं मशीन आणलं. पण काही केल्या तिला सुईत दोरा ओवता येईना. चिऊ तिच्या हातातून दोरा घ्यायची, मशीनच्या सुईत ओवायची आणि बाजूला व्हायची. आई मशीन चालवायची. मध्येच पाय थांबवून, कुठे काही फाटतंय का म्हणून कान द्यायची. काहीच ऐकू यायचं नाही. तरी ती बराच वेळ ऐकत राहायची.